वाचनालयातला टच स्क्रीन: कॅलिब्रेशनच्या नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

मॉनिटर आला. तालुक्यातल्या एका औषधाच्या दुकानात सात-आठ वर्षं बिलाच्या काउंटरवर होता. त्यांनी नवीन सामान घेतलं आणि हा वाचनालयाला देऊन टाकला. पंधरा इंची, जुन्या धाटणीचा, १०२४ × ७६८. चित्रासाठी व्हीजीए केबल, स्पर्शासाठी वेगळी यूएसबी. काचेवर ओरखडे आहेत, पण खोल नाहीत.

काम काय ते एकदा लिहून ठेवतो. आमचं 'ब' वर्गाचं वाचनालय, पुस्तकं साडेसतरा हजारांच्या आसपास. ग्रंथपाल बाईंनी दोन वर्षं खपून सगळ्या नोंदी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरल्या. पण त्या नोंदींपर्यंत वाचक पोहोचत नाही. माउस हातात घ्यायला वयस्क मंडळी बिचकतात, मुलांना टेबलापर्यंत हात पुरत नाही, आणि मग सगळे बाईंनाच विचारतात, "बाई, अमुक आलंय का?" म्हणून दारातून आत आल्या आल्या उजव्या हाताला एक पडदा हवा, ज्याच्यावर बोटाने शोधता येईल. मुदत २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन.

संगणक वाचनालयातलाच जुना, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली. यूएसबी जोडल्याबरोबर पडदा ओळखला गेला, वेगळं काही बसवावं लागलं नाही. बोट लावलं तर बाण हलला. मात्र वर बोट नेलं की बाण खाली जातो. डावं-उजवं बरोबर आहे, पण बोट अगदी कडेला नेलं तरी बाण दोन सेंटिमीटर आतच थांबतो. दुकानातलं कॅलिब्रेशन, म्हणजे बोटाची जागा आणि चित्राची जागा जुळवणारे आकडे, त्यांच्या संगणकात राहिलं. मॉनिटर आपल्याकडे कोराच आलाय.

बुधवार, ८ जानेवारी

संध्याकाळी मागचं झाकण उघडलं. काचेपासून निघणाऱ्या चपट्या पट्टीत पाच तारा मोजल्या. हे बघायचंच होतं.

दाबावर चालणाऱ्या पडद्यात दोन थर असतात. खाली काच, वर लवचिक पॉलिस्टरची फिल्म. दोन्हींच्या आतल्या बाजूला इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक लेप, आणि मध्ये डोळ्यांना जेमतेम दिसणारे ठिपके, थर एरवी एकमेकांना टेकू नयेत म्हणून. बोटाने दाबलं की फिल्म काचेला टेकते. काचेवर आधी डावीकडून उजवीकडे व्होल्टेज सोडायचं, टेकलेल्या जागी किती व्होल्ट आहेत ते वाचायचं, म्हणजे आडवी जागा कळते. मग वरून खाली सोडायचं, उभी जागा कळते. कंट्रोलर, म्हणजे पडद्याची चिप, हे सेकंदाला कित्येकदा करतो आणि प्रत्येक वेळी ० ते ४०९५ मधले दोन आकडे संगणकाला पाठवतो.

चार तारांच्या पडद्यात हे व्होल्टेज आलटून-पालटून काचेवर आणि फिल्मवर सोडतात. हजारो बोटांनी फिल्मवरचा लेप झिजला की त्या दिशेची मोजणीच वाकडी होते. पाच तारांच्या पडद्यात मोजमापाचं सगळं काम काचेच्या चार कोपऱ्यांवर चालतं, फिल्म फक्त वाचते, पाचवी तार तिची. फिल्म झिजली तरी मोजणी सरळ राहते. सार्वजनिक जागेसाठी हेच हवं होतं. दुकानात इतकी वर्षं बोटं झेलूनही हा मॉनिटर कामाचा राहिला, त्याचं कारण हे असावं.

या सगळ्याचा धागा अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ सॅम हर्स्ट यांच्यापर्यंत जातो. आलेखांवरचे बिंदू डोळ्यांनी वाचून उतरवायला फार वेळ जाई, म्हणून त्यांनी बिंदूला टेकलं की आकडे देणारी पाटी केली, आणि १९७१ मध्ये एलोग्राफिक्स ही कंपनी काढली. मला ही गोष्ट आवडते, कारण पुढचे दोन महिने मीही तेच करणार आहे: बिंदूला टेकायचं आणि आकडे उतरवायचे.

रविवार, १२ जानेवारी

आज फक्त कच्चे आकडे. पडद्याकडून येणारे आकडे जसेच्या तसे दाखवणारा इव्हटेस्ट हा प्रोग्राम चालवला आणि प्लास्टिकच्या बोथट काडीने पडद्याच्या चारही कडांना टेकवत गेलो.

डावी कड: आडवा आकडा २७०. उजवी कड: ३८३०. वरची कड: उभा आकडा ३७९०. खालची कड: ३१०.

म्हणजे उभी दिशा उलटी आहे, आणि दोन्ही दिशांना ० ते ४०९५ पैकी मधलाच भाग वापरात येतो. बाण कडेपर्यंत का जात नव्हता ते कळलं. चित्राची रुंदी ३०४ मिलिमीटर. त्यात ३५६० आकडे बसतात, म्हणजे मिलिमीटरला पावणेबारा. एका पिक्सेलला साडेतीन.

काडी एकाच जागी घट्ट धरली तरी आकडा सहा-आठने नाचतो. ते दोन पिक्सेल, चालेल. पण हलक्या हाताने टेकवलं तर तीस-चाळीसने उडतो, म्हणजे तीन मिलिमीटर. उडण्याची जागा ठरलेली आहे: बोट टेकतानाचे पहिले दोन-तीन आकडे आणि उचलतानाचे शेवटचे. फिल्म पूर्ण टेकलेली नसते तेव्हाचं ते वाचन. मधले आकडे भरवशाचे. हे पुढे उपयोगी पडणार.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. वाचनालय बंद. बाईंच्या घरी तिळगूळ घ्यायला गेलो आणि पडद्याची उंची ठरवून आलो. सुतारकाका लाकडी पेटी करणार, पडद्याचा मध्य जमिनीपासून ११५ सेंटिमीटरवर. बाईंचा आग्रह होता की तिसरी-चौथीच्या मुलांना टाचा उंचावाव्या लागू नयेत.

रविवार, १९ जानेवारी

आधी एक्सइनपुट कॅलिब्रेटर हा तयार प्रोग्राम वापरून पाहिला. चार फुल्या दाखवतो, चार वेळा टेकवायचं, शेवटी कमाल-किमान असे चार आकडे देतो. ते आकडे जुन्या एव्हडेव्ह ड्रायव्हरच्या (स्पर्श वाचून पुढे देणाऱ्या प्रोग्रामच्या) कामाचे. आता डेबियनमध्ये त्याच्या जागी लिबइनपुट आहे, त्याला ते समजत नाहीत. इंटरनेटवरचे बरेच सल्ले एव्हडेव्ह परत बसवायला सांगतात. ते करायचं नाही असं ठरवलं. उद्या कुणी हा संगणक अद्ययावत केला तर जुना ड्रायव्हर अडून बसेल, आणि तेव्हा मी इथे असेनच असं नाही.

लिबइनपुटला सहा आकडे लागतात. पडद्याची रुंदी १ आणि उंची १ धरायची. मग

खरा आडवा = पहिला × कच्चा आडवा + दुसरा × कच्चा उभा + तिसरा
खरा उभा = चौथा × कच्चा आडवा + पाचवा × कच्चा उभा + सहावा

पहिला आणि पाचवा ताणतात किंवा उलटवतात, तिसरा आणि सहावा सरकवतात, दुसरा आणि चौथा तिरकेपणा काढतात. बारा तारखेच्या आकड्यांवरून कागदावर मांडलं:

पहिला = ४०९५ ÷ (३८३० − २७०) = १.१५०
तिसरा = −२७० ÷ ३५६० = −०.०७६
पाचवा = −४०९५ ÷ (३७९० − ३१०) = −१.१७७
सहावा = ३७९० ÷ ३४८० = १.०८९

दुसरा आणि चौथा तूर्तास शून्य. पाचव्याच्या आधीचं वजाचं चिन्ह वर-खाली उलटवतं. एक्सइनपुट या आज्ञेने हे आकडे चालू सत्रात घातले, आणि बाण बोटाखाली आला. वहीत मांडलेलं गणित पडद्यावर असं बरोबर निघालं की फार बरं वाटतं.

सत्र सुरू झालं की आकडे आपोआप घातले जावेत म्हणून छोटी स्क्रिप्ट ठेवली. शिवाय, लॉगिनच्या आधीही लागू व्हावेत म्हणून तेच सहा आकडे युडेव्हच्या, म्हणजे जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या व्यवस्थेच्या, नियमातही लिहिले.

सोमवार, २० जानेवारी

सकाळी बाईंचा फोन. "काल बरोबर चालत होतं, आज परत उलटं झालंय."

संध्याकाळी जाऊन पाहिलं. काल मी सत्र बंद न करताच निघालो होतो. आज संगणक नव्याने सुरू झाला तेव्हा युडेव्हचा नियमही लागू झाला आणि स्क्रिप्टही. लिबइनपुटचं स्वतःचं कॅलिब्रेशन आणि एक्सचं (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीचं) कोऑर्डिनेट ट्रान्सफॉर्मेशन ही दोन वेगळी खाती आहेत, आणि दोन्हींचा गुणाकार होतो. वर-खाली दोनदा उलटवलं, म्हणजे मूळचंच झालं. आडव्या दिशेला ताण दोनदा लागला, म्हणून मध्यभागी ठीक आणि कडेला जाल तसा बाण बाहेर पळतो.

हे लक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. मध्ये बरोबर आणि कडेला दोन्ही बाजूंनी चूक असेल तर ताण चुकलाय. सगळीकडे सारखंच चुकत असेल तर सरकवणं चुकलंय.

स्क्रिप्ट काढून टाकली. आकडे आता एकाच जागी, युडेव्हच्या नियमात. दोनदा पूर्ण बंद-चालू करून पाहिलं.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर सुतारकाका पेटी घेऊन आले. सागवानी कड, आत प्लायवूड, मागे दार. मॉनिटर पेटीत बसवून समोरची चौकट स्क्रूने आवळली आणि बाण उजव्या खालच्या कोपऱ्यात जाऊन बसला तो हलेना. कुणी हात लावलेला नसताना इव्हटेस्टमध्ये आकडे धो-धो वाहत होते.

कॅलिब्रेशनचा इथे काही संबंध नाही. लाकडी चौकट फिल्मच्या कडेवर दाबली गेली होती, आणि पडद्याच्या दृष्टीने तेही बोटच. दाब एकाच जागी सतत असला की दुसरं बोट टेकल्यावर दोन जागांमधला भलताच आकडा येतो. स्क्रू सैल केले, काकांनी रंध्याने आतली कड दोन मिलिमीटर खाली घेतली, मध्ये मऊ फोमची पट्टी लावली. आकडे थांबले.

काका म्हणाले, "दादा, ह्याला लाकडाची न् बोटाची पारख नाही म्हणायची." खरंच नाही. नखाने, पेनच्या टोपणाने, हातमोजा घालून, कशानेही चालतो. आमच्याकडे हिवाळ्यात सकाळी हातमोजे घालून वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा आहेत. त्यांच्यासाठी मोबाईलसारख्या काचेपेक्षा हाच बरा.

शनिवार, १ फेब्रुवारी

हाताने मांडलेले आकडे कडांवरून काढलेले होते. तिरकेपणाचा त्यात विचारच नव्हता. आज पायथनमध्ये स्वतःची स्क्रिप्ट लिहिली.

नऊ फुल्या: रुंदीच्या आणि उंचीच्या १०, ५० आणि ९० टक्क्यांवर. प्रत्येक फुलीवर बोट टेकवून क्षणभर धरायचं. स्क्रिप्ट पडद्याचे कच्चे आकडे थेट वाचते आणि तेवढा वेळ पडदा स्वतःच्या ताब्यात घेते, नाहीतर कॅलिब्रेशन चालू असताना मागच्या खिडकीवर क्लिक होत राहतात. टेकतानाचे पहिले चार आणि उचलतानाचे शेवटचे चार आकडे टाकून द्यायचे, उरलेल्यांचा मध्यक घ्यायचा.

आता नऊच का? अज्ञात सहा आहेत. एक फुली दोन समीकरणं देते, म्हणजे तीन फुल्या पुरतात, आणि तीनवर उत्तर अगदी तंतोतंत निघतं. अडचण तीच आहे. तीन फुल्यांवर उत्तर नेहमीच जुळतं. एका फुलीवर बोट घसरलं असलं तरी जुळतं. चूक लपून राहते आणि पडदाभर पसरते. नऊ फुल्या घेतल्या तर अठरा समीकरणं होतात, सगळी एकदम पुरी होऊ शकत नाहीत. मग लघुतम वर्ग पद्धतीने सगळ्यांत कमी चूक देणारे सहा आकडे काढायचे. प्रत्येक फुलीवर किती चूक उरली तीही दिसते, आणि कोणतं बोट घसरलं ते लगेच कळतं.

निघालेले आकडे:

१.१५०, ०.००६, −०.०७९
−०.००४, −१.१७७, १.०९१

दुसरा आकडा ०.००६ म्हणजे पडद्याच्या उंचीभर जाताना आडवं पाच पिक्सेल, दीड मिलिमीटर सरकतं. काच चिकटवताना किंचित तिरकी बसली आहे. डोळ्याला दिसणारही नाही इतकी, पण आकड्यांत आली.

उरलेली चूक सरासरी ०.९ मिलिमीटर, सर्वांत जास्त २.१, उजव्या खालच्या कोपऱ्यात. वेगळ्या पंधरा जागांवर फुल्या दाखवून पुन्हा तपासलं. ज्या फुल्यांवरून आकडे काढले त्याच फुल्यांवर तपासण्याला काही अर्थ नाही. पंधरांची सरासरी १.१ मिलिमीटर.

मला वाटलं काम झालं.

रविवार, ९ फेब्रुवारी

मुलांना बोलावलं होतं. तिसरी-चौथीची सहाजण आली. कोहाचं शोधाचं पान पूर्ण पडद्यावर, खाली मराठी इनस्क्रिप्ट मांडणीचा पडद्यावरचा कीबोर्ड. कीबोर्ड त्यांनी दहा मिनिटांत हाताखाली घातला, त्याची मला काळजी नव्हतीच.

पुस्तकांची यादी आली आणि गडबड सुरू झाली. चौथीतली एक मुलगी तीनदा तेच करून पाहून मग माझ्याकडे वळली. "काका, मी वरचं पुस्तक दाबते, खालचंच उघडतंय."

मी जाऊन तेच पुस्तक दाबलं. बरोबर उघडलं. ती पुन्हा पुढे झाली, पुन्हा खालचं. बाकीच्या मुलांचंही तसंच. बाईंचं कधी बरोबर, कधी चूक.

मुलं गेल्यावर तासभर त्या पडद्यासमोर बसून होतो. उभा राहून नाही, स्टुलावर बसून. आणि बसल्या बसल्या बोट लावलं तर माझंही खालचंच उघडायला लागलं.

स्पर्श काचेच्या वरच्या पृष्ठभागावर होतो, चित्र तिच्या मागे असतं. मध्ये तीन मिलिमीटर काच आणि साधारण दोन मिलिमीटर मोकळी जागा. मी उभा असताना माझा डोळा जमिनीपासून १६३ सेंटिमीटरवर, पडद्याचा मध्य ११५ वर, अंतर अर्धा मीटर. म्हणजे मी जवळजवळ ४५ अंशांनी वरून खाली बघतो. मागची फुली मला काचेवर तिच्या खऱ्या जागेपेक्षा वर दिसते. काचेत किरण वाकतो ते धरून हिशेब केला तर साडेतीन मिलिमीटर वर. मी तिथे टेकवलं, आणि स्क्रिप्टने तीच जागा खरी मानली. चौथीतल्या मुलीचा डोळा पडद्याच्या मध्याच्या उंचीला. ती सरळ बघते, फुली जिथे आहे तिथेच टेकवते. माझ्या हिशेबाने ती साडेतीन मिलिमीटर खाली टेकवते. यादीतली एक ओळ आठ मिलिमीटर उंचीची. मध्यापासून चार सरकलं की दुसरं पुस्तक.

तिचं बोट बरोबर होतं. एक तारखेला पंधरा वेगळ्या फुल्या घेतल्या, पण त्या सगळ्यांवर टेकवणारा मीच होतो. फुल्या बदलल्या, डोळा बदलला नाही. पडदा माझ्या उंचीच्या माणसासाठी कॅलिब्रेट झाला होता, आणि माझ्यासाठी तो लावलेलाच नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज चौघांची बोटं. ती चौथीतली मुलगी, ग्रंथपाल बाई, रोज दुपारी मासिकं वाचायला येणाऱ्या आजी, आणि मी. प्रत्येकाने नेहमी जिथे उभं राहतो तिथे उभं राहायचं, चष्मा असेल तर घालायचा, नऊ फुल्यांवर टेकवायचं. फुलीवर नखाचं टोक नेमकं ठेवा असं कुणालाही सांगितलं नाही. पुस्तक निवडताना जसं लावता तसंच लावा, एवढंच सांगितलं.

जुन्या आकड्यांवर तपासलं तर उभ्या दिशेला सरासरी फरक असा आला: बाई १.२ मिलिमीटर खाली, आजी १.८ खाली, मुलगी ३.६ खाली. मी शून्यावर, कारण आकडे माझेच. जसजशी डोळ्याची उंची कमी, तसतसं बोट खाली. ओळीने लावलेलं असावं इतकं स्वच्छ.

आजींबद्दल एक लिहून ठेवायला हवं. त्यांनी आधी विचारलं, "फुटायचं नाही ना रे?" नाही म्हटल्यावर प्रत्येक फुलीवर बोट ठेवून, नीट दाबून, मनात चार मोजून उचललं. त्यांच्या आकड्यांत नाच सगळ्यांत कमी: कुठेही चारच्या वर नाही. माझ्यापेक्षा स्थिर. दाबावर चालणाऱ्या पडद्याला असाच सावकाश, ठाम स्पर्श लागतो. घाईघाईने टिचकी मारणाऱ्या बोटाला तो नीट वाचत नाही. त्यांना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "रांगोळीचे ठिपके असेच काढतात."

छत्तीस ठिपके एकत्र घालून पुन्हा लघुतम वर्ग. पहिले पाच आकडे तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तेच राहिले. सहावा बदलला: १.०९१ चा १.०८४. उणे ०.००७, पडद्याच्या २२८ मिलिमीटर उंचीवर १.६ मिलिमीटर. आता मी १.६ मिलिमीटर वर चुकतो आणि मुलगी दोन मिलिमीटर खाली. बाई आणि आजी अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

हा फरक आकड्यांनी याहून कमी होणार नाही. दोन डोळे दोन उंचीवर असले की एका काचेवर दोघांचं नेमकं एकाच वेळी जमत नाही. म्हणून उरलेलं काम पानावर केलं. यादीतल्या ओळीची उंची आठवरून सोळा मिलिमीटर, म्हणजे ५४ पिक्सेल. एका वेळी पंधराऐवजी सात पुस्तकं दिसतात, त्याची हरकत नाही. खालच्या कडेपासून दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडली, कडेला मोजणी जराशी वाकडी असते म्हणून.

मुलीने जाण्यापूर्वी वीस पुस्तकं उघडून पाहिली. वीसपैकी वीस बरोबर.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बाईंचा फोन, "कविता लिहिलं तर तलुची येतंय."

जाईपर्यंत वाटेत विचार करत होतो. इनस्क्रिप्टमध्ये क च्या उजवीकडे त, व च्या उजवीकडे ल, ऱ्हस्व वेलांटीच्या उजवीकडे ऱ्हस्व उकार, त च्या उजवीकडे च, कान्याच्या उजवीकडे दीर्घ वेलांटी. प्रत्येक अक्षर बरोबर एक घर उजवीकडे. म्हणजे सगळीकडे सारखं सरकलंय. ताण नाही, सरकवणं.

पोहोचल्यावर युडेव्हचा नियम पाहिला. सहा आकडे जसेच्या तसे. इव्हटेस्टमध्ये डाव्या कडेला २७०, उजव्या कडेला ३८३०. स्पर्शात काहीच बिघडलं नव्हतं. मग दोन पावलं मागे येऊन पडद्याकडे पाहिलं. डावीकडे बोटभर रुंदीची काळी पट्टी, आणि उजवीकडे घड्याळाचा अर्धा भाग कापलेला. बिघाड स्पर्शाचा नव्हता. चित्रच सरकलं होतं, पट्टीने मोजलं तर बारा मिलिमीटर.

व्हीजीएवर चित्राची सुरुवात कुठे आहे हे मॉनिटर अंदाजाने ठरवतो. 'ऑटो' बटण दाबलं की उजळ ठिपके जिथून जिथपर्यंत सापडतील त्याच कडा मानतो. सकाळी संगणक सुरू होत असताना, काळ्या पडद्यावर, झाडता झाडता कुणाचा तरी हात त्या बटणाला लागला असणार. कडेला सगळंच काळं, म्हणून कड चुकली. कीबोर्डचं एक घर वीस मिलिमीटरचं. मध्यावर टेकवलेलं बोट बारा सरकलं की शेजारच्या घरात.

पूर्ण पांढरं पान उघडलं, 'ऑटो' दाबलं, चित्र जागेवर. 'कविता' लिहिलं, कविता आलं. काकांकडून त्या बटणांवर सरकतं लाकडी झाकण करून घ्यायचं आहे.

कॅलिब्रेशनला हात लावला नाही. लावला असता तर सरकलेल्या चित्राला जुळणारे आकडे बसले असते, आणि पुढच्या वेळी चित्र जागेवर आल्यावर परत सगळं चुकलं असतं. आधी चित्र, मग स्पर्श. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून पेटीच्या दारावर लावतोय.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सुरू झालं. भाषण वगैरे बाईंनी थोडक्यात आटोपलं. दुपारपर्यंत रांग होती. मी बाजूच्या बाकावर बसून फक्त बघत होतो. एक आजोबा लेखकाचं नाव लिहून थांबले, पुढे काय ते कळेना. मागच्या मुलाने पुढे वाकून 'शोधा' दाबलं. हातमोजेवाल्या आजोबांनी हातमोज्यासकट दाबून पाहिलं. मासिकवाल्या आजींनी कुणालाच सांगू दिलं नाही.

चुकीचं पुस्तक उघडल्याचं माझ्या डोळ्यांसमोर दोनदा झालं, दोन्ही वेळा एका खूप उंच मुलाकडून. तो वाकून दाबतो तेव्हा बरोबर येतं.

रविवार, १५ जून

पाऊस सुरू झालाय. हवेत दमटपणा आला की फिल्म फुगते, म्हणून मुद्दाम तपासायला गेलो. पंधरा फुल्या, सरासरी चूक १.२ मिलिमीटर. फेब्रुवारीत माझ्या उंचीवरून याच पंधरा फुल्यांवर नव्या आकड्यांनी १.९ येत होती. मग लक्षात आलं की मी आज सवयीने स्टुलावर बसून मोजलं. उभा राहून पुन्हा मोजलं, २.०. म्हणजे काही हललेलं नाही.

'शोधा' बटणाच्या जागी फिल्म किंचित खरखरीत झाली आहे. तिरप्या उजेडात दिसते. पाच तारा असल्याने मोजणीवर परिणाम नाही. कापडाने पुसताना थेट काचेवर पाणी मारू नका, कापड ओलसर करून पुसा, असं नव्या मदतनीसाला दाखवून ठेवलं.

पेटीच्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे. त्यावर युडेव्हच्या फाइलचं नाव, सहा आकडे, नऊ फुल्यांची स्क्रिप्ट कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते, आणि खाली एक ओळ: पुन्हा करायची वेळ आली तर आधी पांढऱ्या पानावर 'ऑटो' दाबून चित्र जागेवर आणा, मग चौघांना बोलवा, त्यात एक तरी मूल हवं.